घर घेतल्यावर पॅटिओखाली तेलाची जुनी टाकी निघाली (न्यू जर्सी)

अंगणवेडा
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय.

आम्ही २०२४ च्या शेवटी न्यू जर्सीत युनियन काउंटीत घर घेतलं. १९५० च्या दशकातलं केप कॉड (उतरत्या छपराचं छोटं घर), खाली बेसमेंट, मागे छोटंसं यार्ड. हीटिंग गॅसवर, लिस्टिंगमध्येही तेच लिहिलेलं. सेलरच्या डिस्क्लोजर फॉर्मवर (घराचे माहीत असलेले दोष लिहून द्यायचा फॉर्म) जमिनीखालच्या टाकीच्या प्रश्नापुढे "माहीत नाही" वर खूण. तरी आमच्या वकिलांच्या सांगण्यावरून टँक स्वीप (पुरलेल्या टाकीचा शोध) करून घेतला, माणूस मशीन घेऊन सगळ्या यार्डात फिरला आणि रिपोर्ट आला की सिग्नल नाही, फक्त मागच्या काँक्रीटच्या पॅटिओखालचं सांगता येत नाही कारण आत सळईची जाळी आहे. पॅटिओ फोडून बघू द्या म्हटलं तर सेलरने साफ नाही सांगितलं.

आता पॅटिओला तडे गेलेत आणि पावसाचं पाणी घराकडे उतरतंय म्हणून तो फोडायला घेतला. स्लॅब उचलला तर खाली मातीत एक लोखंडी पाइप, जमिनीच्या जरा खाली कापलेला, तोंडाला टोपण. कामगाराने फावड्याने बाजूची माती ओढली तर भिंतीपासून हातभर अंतरावर गंजलेला पत्रा लागला आणि रॉकेलसारखा वास एकदम नाकात शिरला. मग बेसमेंटमध्ये त्याच भिंतीवरचं पॅनल काढून बघितलं, तांब्याच्या दोन बारीक नळ्या भिंतीतून आत आलेल्या, टोकं ठोकून चपटी केलेली.

पॅटिओवाला म्हणतो, वाळू भरून देतो, वर नवा स्लॅब टाकतो, कोणाला कळणारही नाही. मला हे पटत नाहीये, पण हातात पैसेही फार नाहीत. घरात लहान मुलगी आहे, पॅटिओच्या कडेनेच आम्ही मेथी आणि टोमॅटो लावतो. कोणाला कळवायचं? खर्च साधारण किती येतो? आणि सेलरकडून पैसे वसूल करता येतात का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

पाटीलबुवा
अंगणात तेल लागलं म्हणजे ओपेकचं आमंत्रण येईल आता :)
मजा बाजूला. पॅटिओवाल्याला आज काम थांबवायला सांगा. त्याच्या मशीनचा दात त्या पत्र्यात घुसला तर आत असेल नसेल ते सगळं मातीत जाईल. आणि पुढे कोणीही खोदणार असेल तर आधी ८११ ला फोन (ते येऊन जमिनीखालच्या लाइनींवर खुणा करतात), गॅसची लाइन तिथूनच जात असणार.

खडीसाखर
अंगणवेडा, घाबरू नका, आधी श्वास घ्या. आमच्याकडे बर्गन काउंटीत हेच झालं होतं, फक्त आमची टाकी पुढच्या लॉनखाली होती आणि व्हेंट पाइप झुडपात दिसला होता.

कसं होतं ते सांगते. कंपनी टाउनशिपच्या बिल्डिंग डिपार्टमेंटकडून परमिट काढते. मग एक दिवस सकाळी मशीन येतं, वरची माती काढतात, टाकीचा वरचा भाग उघडा पडतो. आतली हवा तपासतात, मग पत्रा कापतात. उरलेलं तेल आणि तळाचा काळा गाळ पंपाने ट्रकमध्ये ओढून घेतात. आणि मग एक मुलगा पांढरा सूट घालून आत उतरला आणि चिंध्यांनी सगळी टाकी आतून पुसून काढली. हे मी खिडकीतून बघत होते. त्यानंतर टाकी साखळीने उचलून लॉनवर ठेवली, इन्स्पेक्टर आला, त्याने हातोडीने ठिकठिकाणी ठोकून बघितलं, खड्ड्यात उतरून मातीचा वास घेतला. आमच्या टाकीला भोक नव्हतं. पास झाली, त्याचा कागद मिळाला, तो मी घराच्या डीडबरोबर ठेवलाय.

गळत नसेल तर काढण्याचा खर्च साधारण दोन-तीन हजार डॉलर. गळत असेल तर मात्र आकडा कुठेही जाऊ शकतो, दहा हजार, पन्नास हजार, भूजलापर्यंत पोचलं असेल तर लाखाच्या वर गेलेली बिलंही मी ऐकलीत.

तात्या_सातारकर
मी साताऱ्यातून वाचतोय. एक भाबडा प्रश्न. घराच्या अंगणात तेलाची टाकी पुरून ठेवायचं कारण काय? आणि ती कोणी काढून का नेली नाही?

निळूभाऊ
तात्या, प्रश्न भाबडा नाही, सगळं त्यातच आहे. मी याच क्षेत्रात काम करतो, माती आणि भूजल साफ करण्याचं, म्हणून जरा लांब लिहितो.

इथे हिवाळ्यात घर गरम ठेवायला पूर्वी कोळसा जाळायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जी घरं धडाधड बांधली गेली त्यात तेलाची भट्टी आली. हे तेल डिझेलच्या जवळचं, नंबर दोन हीटिंग ऑइल म्हणतात. ट्रक यायचा, रस्त्यावरून नळी ओढून फिल पाइपमधून टाकी भरून जायचा. टाकी बेसमेंटमध्ये जागा खाते म्हणून जमिनीखाली पुरायची. घरगुती टाकी बहुतेक ५५० गॅलनची, काही ठिकाणी एक हजार गॅलनची. साधं काळं पोलाद, गंजापासून संरक्षण म्हणून फार तर डांबराचा एक हात.

मग नॅचरल गॅसची लाइन गल्लीत आली. स्वस्त, ट्रकची वाट बघायला नको. लोकांनी भट्टी बदलली, तांब्याच्या नळ्या कापून ठोकल्या, फिल पाइप जमिनीलगत छाटला आणि टाकी आहे तिथेच सोडून दिली. काढायला खर्च, आणि तेव्हा कोणी विचारतही नव्हतं. काहींनी वाळू भरली, काहींनी तेवढंही नाही केलं.

पोलाद ओल्या मातीत विशीतिशीनंतर झिजायला लागतं. गंज सगळीकडे सारखा लागत नाही, एका ठिकाणी खोल खोल जातो आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडतात. पुष्कळदा ती भोकं गंज आणि चिकणमातीनेच बुजलेली असतात, म्हणून काढेपर्यंत कळत नाही. तांब्याची नळीही मातीत सडते आणि गळतं तिथून.

अंगणवेडा, तुमच्या वर्णनातला वास मला काळजीचा वाटतो. अर्थात जुना फिल पाइप उघडला की थोडा वास येतोच. पुढे काय करायचं ते ठरलेलं आहे. राज्याने सर्टिफाय केलेला सबसर्फेस इव्हॅल्युएटर (टाकी आणि माती तपासणारा तज्ज्ञ) बोलवा. टाकी काढताना खड्ड्याच्या तळातून आणि बाजूंमधून मातीचे नमुने लॅबला जातात. तेल मातीत गेलेलं दिसलं तर त्याच क्षणी डीईपीच्या (राज्याच्या पर्यावरण खात्याच्या) चोवीस तास चालणाऱ्या हॉटलाइनला फोन करावा लागतो, ते केस नंबर देतात. गळतीच नसेल तर घरगुती टाकीसाठी डीईपीकडे केस होतच नाही, टाउनशिपचं परमिट आणि इन्स्पेक्शन पुरतं.

रोखठोक
सगळे घाई करतायत म्हणून उलट बाजू मांडतो. टाकी जागेवरच भरून बंद करणं कायद्यात बसतं, त्याला परमिट मिळतं. मग काढायचा हट्ट का? आमच्या शेजारी एक रिटायर्ड जोडपं होतं, दोघंही शिक्षक. मुलाच्या सांगण्यावरून टाकी काढायला घेतली, गळकी निघाली, एका आठवड्यात ते डीईपीच्या केसमध्ये अडकले. घराच्या पायाखालची माती काढायची म्हणून पायाला आधार द्यावा लागला, त्याचाच खर्च टाकीच्या कित्येक पट. त्यांची आयुष्यभराची बचत त्या खड्ड्यात गेली. तीस वर्षं त्या टाकीने कोणाचं काय बिघडवलं होतं? माणसाने आधी स्वतःची कुवत बघावी.

खडीसाखर
रोखठोक, त्या जोडप्याबद्दल खरंच वाईट वाटलं. पण टाकी काढली म्हणून गळली नाही ना ती. आधीच गळत होती.

रोखठोक
मान्य. पण बिल आलं ते उघडण्याने. जे पैसे भरू शकत नाहीत त्यांना "काढाच" असं सांगणाऱ्यांनी पुढचंही सांगावं.

निळूभाऊ
रोखठोक यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. मी अशी घरं बघितलीत जिथे मालक रडले आहेत. म्हणून मी नेहमी सांगतो की आधी टाकीच्या चारी बाजूंनी बोरिंग करून माती तपासा, म्हणजे मशीन आणण्याआधी अंदाज येतो आणि पैशाची तजवीज करता येते. पण हेही लक्षात घ्या, तेल दिसलं की कळवणं बंधनकारक, मग ते बोरिंगमध्ये दिसो की खड्ड्यात.

आणि भरून बंद करण्याबद्दल. रीतसर करायचं तर आधी टाकी उघडून, साफ करून, आजूबाजूची माती तपासून मगच फोम किंवा वाळू भरतात. पॅटिओवाला म्हणतोय ते हे नव्हे. तो गाळासकट बुजवणार आहे. पुढचा गिऱ्हाईक स्वीप करणार, टाकी सापडणार, आणि आता तुम्हाला माहीत होतं हे उघड असणार.

तराजू
निळूभाऊंचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. मी न्यू जर्सीत प्रॉपर्टीचंच काम करते, पण तुमचे कागद मी बघितलेले नाहीत, तेव्हा हे सर्वसाधारण समजा आणि तुमच्या वकिलांना दाखवा.

न्यू जर्सीत १९७६ चा स्पिल अ‍ॅक्ट आहे. त्यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, जो जबाबदार तो साफ करणार. त्रास असा की आजचा मालक म्हणून सरकार तुमच्याकडेच बघणार. दिलासा असा की ज्यांच्या काळात गळती झाली त्यांच्याकडून वाटा मागायचा हक्क तोच कायदा देतो. आणि या मागणीला मुदतीची आडकाठी नाही, हे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं. मॉरिसटाउनच्या एका शॉपिंग सेंटरचा खटला होता, तिथल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या तेलाच्या टाकीचा. गंमत म्हणजे गळती टाकीतून नव्हती, फिल आणि व्हेंटच्या पाइपांना भोकं पडली होती आणि दर वेळी टाकी भरताना तेल बाहेर जात होतं. तेव्हा तुमचे पाइपही नीट तपासून घ्या, फोटो काढून ठेवा.

दुसरा भाग सेलरने लपवल्याचा. इथे पूर्वी "घेणाऱ्याने बघून घ्यावं" असाच न्याय होता. १९७४ मध्ये झुरळांचा एक खटला झाला. घर दाखवायच्या वेळी दिवे लावलेले असायचे, विकत घेणाऱ्या बाई नंतर अंधारात गेल्या आणि दिवा लावला तर झुरळंच झुरळं पळताना दिसली. त्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सहज न दिसणारा मोठा दोष माहीत असून सेलर गप्प बसला तर तेही लपवणं ठरू शकतं. आणि १ ऑगस्ट २०२४ पासून तर डिस्क्लोजर फॉर्म भरून देणं सक्तीचं झालंय, त्यात जमिनीखालच्या टाकीचा प्रश्न आहे. तुमचं क्लोजिंग (घर नावावर होण्याचा शेवटचा व्यवहार) त्यानंतरचं. म्हणजे "माहीत नाही" हे उत्तर खरं होतं की खोटं, यावर सगळं आहे.

ते शोधायला टाउनशिपच्या क्लर्ककडे ओपीआरएचा (सरकारी नोंदी मागायचा कायदा, आपल्या माहिती अधिकारासारखा) अर्ज करा. तुमच्या पत्त्याची सगळी परमिटं मागा, बिल्डिंग, प्लंबिंग, फायर. गॅसवर कधी गेले, कोणाच्या नावाने, टाकी बंद केल्याची नोंद आहे का, सगळं त्यात दिसेल.

सह्यपुत्र
हे वाचून पुण्याची आठवण झाली. आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा एक कोपरा दर पावसाळ्यात खचायचा. बिल्डर म्हणायचा भराव बसतोय. शेवटी एका काकांनी जुना सातबारा काढला, त्यात विहिरीची नोंद! राडारोडा टाकून बुजवलेली. सातबाऱ्यावर निदान विहीर तरी लिहिलेली असते, तिथे टाकी कुठल्याच कागदावर नाही म्हणजे कमाल आहे.

तात्या_सातारकर
आमच्या वाड्यात अंगणातल्या फरशीखाली पेव निघालं होतं. ज्वारी साठवायचं. आजोबांनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि दोरीला कंदील बांधून आत सोडला, तो विझला. मग दोन दिवस तोंड उघडं ठेवून वारा लागू दिला, परत कंदील सोडला, तेव्हा कुठे माणूस उतरला. बंद पेवात घाईने उतरून गेलेली माणसं आमच्या भागात आहेत. त्या टाकीत कोणी डोकं घालू नका एवढंच सांगायला लिहिलं.

निळूभाऊ
तात्या, बरं झालं लिहिलंत. टाकीतही तेच, आत प्राणवायू कमी असतो कारण गंज लागताना तो वापरला जातो, वर तेलाची वाफ. खडीसाखर यांनी आधी हवा तपासल्याचं लिहिलंय ते याचसाठी. पण कंदील मात्र इथे चालणार नाही, इथे मीटरच हवा.

व्हँकुव्हरचा_विनू
इथेही हीच कथा. लोअर मेनलँडमध्ये (व्हँकुव्हर आणि आसपासचा भाग) नॅचरल गॅस १९५७ च्या सुमारास आला, त्याआधीच्या घरांत टाक्या असतातच असं धरून चालतात. जुनं घर घेताना बँक आणि इन्शुरन्स दोघंही टाकी नसल्याचा कागद मागतात. आमच्या रिअल्टरने ऑफरमध्येच अट घातली होती की टाकी निघाली तर सेलर काढून देईल, क्लोजिंगनंतर सापडली तरी.

चिमणी_लाँगआयलंड
ही शेवटची अट सगळ्यांनी लिहून घ्या!
आमच्याकडे न्यूयॉर्कमध्ये गळती कळल्यापासून दोन तासांच्या आत कळवावं लागतं. लाँग आयलंडला पिण्याचं पाणीच जमिनीखालून येतं, त्यामुळे इथे कोणी "बुजवून टाका" म्हणालं की मला राग येतो. रोखठोक, तुमच्यावर नाही, पण त्या पॅटिओवाल्यावर नक्की. माझ्या नणंदेच्या घरात स्वयंपाकाचं पाणी बोअरवेलचं आहे.

रोखठोक
बोअरवेल असेल तर प्रश्नच नाही, काढायलाच हवी. माझं म्हणणं शहरातल्या, नळाचं पाणी असलेल्या घरांबद्दल होतं.

चिमणी_लाँगआयलंड
जमिनीखालचं पाणी म्युनिसिपालिटीची हद्द बघून थांबत नाही हो.

अंगणवेडा
सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये गायब होतो कारण खूप काही घडलं. सगळं लिहितो, पुढच्या कोणाला उपयोग होईल.

पॅटिओवाल्याचं काम थांबवलं. निळूभाऊंच्या सल्ल्याने आधी बोरिंग केलं, घराकडच्या बाजूच्या नमुन्यात तेल निघालं. इव्हॅल्युएटरने माझ्यासमोर हॉटलाइनला फोन लावला, केस नंबर मिळाला. बाई अगदी सौजन्याने बोलल्या, कोणी दरडावलं वगैरे नाही. मग परमिट, ८११ वाल्यांच्या रंगीत खुणा, आणि टाकी काढली. ५५० गॅलनची निघाली. बाहेर आल्यावर त्या माणसाने टाकीच्या तळाची माती खरवडली, तर घराकडच्या टोकाला ओळीने भोकं, काहीतून माझं करंगळीचं टोक जाईल एवढी. आत तेल थोडंच होतं, बाकी पाणी. खड्ड्याच्या तळाची माती करडी-निळसर झालेली आणि तिला तोच वास. सर्वात जास्त मला लागलं ते हे की ही माती मुलीच्या खोलीच्या खिडकीखालची आहे.

खराब माती ट्रकने नेली. पायाजवळ खोदायचं म्हणून इंजिनिअर बोलवावा लागला, रोखठोक म्हणाले तसाच. घराच्या आत हवेची तपासणी केली, ती चांगली आली, त्या रात्री आम्ही दोघं नीट झोपलो. खड्ड्यात पाणी लागलं, त्यात तेलाची साय दिसली म्हणून भूजलाचीही तपासणी करावी लागतेय, मॉनिटरिंगची विहीर घातली आहे.

आता मुख्य गोष्ट. ओपीआरएचं उत्तर आलं. १९९३ चं प्लंबिंगचं परमिट, तेलाची भट्टी काढून गॅसची बसवल्याचं, आणि अर्जदार म्हणून आमच्या सेलरची सही. टाकी काढल्याचं किंवा बंद केल्याचं एकही परमिट नाही. पॅटिओ त्याच्या पुढच्या वर्षीचा. ज्या माणसाने तेलाची भट्टी काढून गॅस घेतला, टाकीवर पॅटिओ घातला, त्याने फॉर्मवर "माहीत नाही" लिहिलं आणि आम्हाला पॅटिओ फोडू दिला नाही. याला मी लपवणंच म्हणेन.

खडीसाखर
वाचून अंगावर काटा आला. मुलीच्या खिडकीखाली! बरं केलंत काढलीत.

तराजू
ते १९९३ चं परमिट सोन्यासारखं आहे. मूळ प्रत सर्टिफाय करून घ्या. तुमच्या वकिलांनी आता दोन गोष्टी एकत्र मागाव्यात, स्पिल अ‍ॅक्टखाली साफसफाईचा वाटा आणि डिस्क्लोजरमध्ये लपवल्याबद्दल नुकसानभरपाई.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. सेलरच्या जुन्या होमओनर्स पॉलिसी. तुमची स्वतःची पॉलिसी बहुतेक हात वर करेल, प्रदूषण वगळलेलं असतं आणि आपल्याच जमिनीचं नुकसानही. पण भूजल ही तुमची मालमत्ता धरत नाहीत, ते बिघडलं की प्रश्न दुसऱ्याच्या नुकसानीचा होतो आणि लायबिलिटीचा भाग लागू होऊ शकतो. गळती जितकी वर्षं चालली त्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसींकडे मागता येतं. म्हणून सेलरला पत्र पाठवताना स्पष्ट लिहायला लावा की तुमच्या तेव्हाच्या विमा कंपन्यांना कळवा. सेलर म्हातारे असतील, हातात पैसे नसतील, तरी पॉलिसी असते. बऱ्याच केसेस अशाच मिटतात, कोर्टात न जाता.

रोखठोक
ही माहिती त्या शिक्षक जोडप्याला कोणी दिली असती तर? कोणीच सांगितलं नव्हतं. तराजू, त्यांना अजून काही करता येईल का? खर्च त्यांनी केव्हाच भरलाय.

तराजू
पावत्या आणि केस नंबर असेल तर जरूर दाखवा कोणाला तरी. आधीचे मालक कोण होते, टाकी कोणाच्या काळातली, यावर अवलंबून आहे. २०१५ च्या निकालामुळे वेळ गेली असं आपणहून धरून बसू नका.

रोखठोक
आज फोन करतो त्यांना.

निळूभाऊ
अंगणवेडा, काम योग्य रस्त्याने चाललंय. भूजलाचे नमुने स्वच्छ आले की इव्हॅल्युएटर रिपोर्ट देईल आणि डीईपी नो फर्दर अ‍ॅक्शनचं (आता आणखी काही करायची गरज नाही असं) पत्र देईल. तोच तुमचा खरा कागद, घर विकताना पहिला प्रश्न त्याचाच येईल. गळक्या टाक्यांसाठी राज्याचा एक फंडही आहे, ईडीएकडून (राज्याच्या आर्थिक विकास प्राधिकरणाकडून) चालतो. उत्पन्नाची मर्यादा आहे आणि रांग लांब, पण अर्ज टाकून ठेवा.

भाज्यांबद्दल लिहिलं होतंत ते राहूनच गेलं. खोदलेल्या भागाच्या आसपासचं या हंगामात खाऊ नका, आणि पुढे लावायचंच तर वर उचललेल्या वाफ्यात बाहेरून आणलेली स्वच्छ माती घालून लावा. खड्डा भरायला आणलेल्या मातीचाही दाखला मागा, कुठून आली त्याचा. कंपन्या कधीकधी काहीही आणून टाकतात.

पाटीलबुवा
दाखला मातीचा. जन्म दाखल्यानंतर हाच बाकी होता :)

नवी_विटी
आम्ही एडिसनमध्ये १९५५ चं घर घेतोय, अटर्नी रिव्ह्यू (वकिलांनी करार तपासायची मुदत) चालू आहे. धागा वाचून झोप उडाली. आम्ही नेमकं काय बघायचं? स्वीप झाला, क्लिअर आहे.

खडीसाखर
बेसमेंटच्या भिंती टॉर्च घेऊन बघा. तांब्याच्या नळ्या, त्या कापल्याच्या खुणा, किंवा सिमेंटने बुजवलेली दोन छोटी गोल भोकं शेजारी शेजारी. बाहेर भिंतीलगत टोपण असलेला लोखंडी पाइप. आणि चिमणी असून गॅसची भट्टी नवी असेल तर आधी काय जळत होतं ते विचारा.

निळूभाऊ
स्वीपच्या रिपोर्टमध्ये कुठला भाग तपासला नाही ते बघा. मॅग्नेटोमीटर (लोखंड शोधणारं मशीन) सळई, कुंपण, गाडी यांच्याजवळ फसतो. अशा जागी जीपीआर (जमिनीत बघणारं रडार) करून घ्या, काँक्रीटखालचं त्यात बरंचसं दिसतं, थोडा खर्च जास्त होतो. डेक, पॅटिओ, मागून वाढवलेली खोली असेल तर हट्ट धराच.

अंगणवेडा
आणि तपासू न दिलेल्या जागेसाठी करारात लिहून घ्या की तिथे टाकी निघाली तर खर्च सेलरचा, क्लोजिंगनंतरही, विनूने लिहिलंय तसं. सेलर नाही म्हणाला तर त्या नाहीचा विचार करा.

आमची ताजी बातमी, सेलरच्या वकिलांनी जुन्या विमा कंपनीला कळवलंय आणि कंपनीने क्लेम नोंदवून स्वतःचा तज्ज्ञ पाठवला. अजून पैसे आलेले नाहीत, पण मातीचा खर्च त्यांनी मोजायला घेतलाय. भूजलाचा पहिला रिपोर्ट चांगला आला, दुसरा यायचाय.

@नवी_विटी, ओपीआरएचा अर्ज आजच्या आज टाका. सात कामकाजाचे दिवस धरतात आणि तुमचा रिव्ह्यू त्याआधी संपू शकतो, म्हणून वकिलांना मुदत वाढवून मागायला सांगा. बिल्डिंग, प्लंबिंग आणि फायर तिन्हींचे रेकॉर्ड मागा, एकच मागितलं तर एकच देतात.

नवी_विटी
अर्ज टाकला, मुदतवाढही मागितली. घराच्या मागे एक डेक आहे, त्याखाली जीपीआर करायला सेलर तयार झालेत. काय निघतं ते इथेच लिहिते.